घरच्या घरी भेटकार्डं, पाकिटं आणि वह्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत मुलं, आजी, आत्या, शेजारच्या मैत्रिणी असे सगळे सतरंजीवर बसून कार्डं करतात, तेव्हा जे प्रश्न हमखास पडतात ते इथे घेतले आहेत. मापं सेंटिमीटरमध्ये आहेत. कार्ड बिघडलं की आपण हाताला दोष देतो, पण बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. डिंकातलं पाणी, रंगातलं पाणी, कूलरच्या हवेतलं पाणी. खालच्या बऱ्याच उत्तरांत ते पुन्हा पुन्हा येईल.

सुरुवातीला काय काय विकत आणावं?

फार काही नाही. ३० सेंमीची स्टीलची पट्टी, चांगला कटर आणि त्याची जादा पाती, एक धारदार कात्री, पेन्सिल, शाई संपलेलं बॉलपेन, पोती शिवायचं दाभण, फेविकॉल, अर्धा इंची ब्रश आणि खाली ठेवून कापायला जाड पुठ्ठा. लाकडी पट्टी घेऊ नका. कटर तिच्यात घुसतो आणि दुसऱ्याच दिवशी रेघ वाकडी येऊ लागते. चमकी, मणी, रिबिनी यांच्यावर पहिल्या खेपेला पैसे घालवू नका. हात बसल्यावर त्यांची गरज आपोआप कमी होते.

कागदासाठी दुकानाआधी गावातल्या छापखान्यात जा. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये कटिंगनंतर उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्या पडलेल्या असतात आणि त्या बहुधा स्वस्तात मिळतात. पन्नासएक कार्डं करायची असतील तर कागद तिथल्याच कटिंग मशीनवर कापून घ्या. काटकोन इतका नेमका घरी कधीच येत नाही.

कोणत्या कामाला किती जाडीचा कागद?

कागदाचं वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. तो वहीच्या आतल्या पानांना आणि पाकिटाला चालतो. पाकिटाला १०० मिळाला तर उत्तम, कारण ७० च्या पाकिटातून आतला मजकूर दिसतो. कार्डाला २२० ते ३०० लागतो. त्याहून पातळ कार्ड टेबलावर उभं राहत नाही, त्याहून जाड कागद घडीत फुटतो. घोटीव कागद आणि पतंगी कागद फक्त वरून चिकटवायला घ्या, त्यांचं कार्ड होत नाही.

घडी घातली की कागद फुटतो, कडेला पांढरी चीर दिसते. का?

कारखान्यात कागद होताना त्यातले तंतू एकाच दिशेला आडवे पडतात. त्या दिशेला समांतर घडी सहज बसते, आडवी घातली की तंतू मोडतात आणि चीर पडते. दिशा ओळखायला कागद न दुमडता हलकाच वाकवून बघा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. ज्या बाजूने कमी जोर लागतो, घडी त्या बाजूने घाला. वाकवून कळलं नाही तर बोटाएवढ्या तुकड्याची एकच बाजू ओली करा. तो नळीसारखा वळेल आणि नळीची लांबी ज्या दिशेला, तंतूही त्याच दिशेला.

दुसरं कारण म्हणजे रेघ न ओढता थेट घडी घालणं. २०० जीएसएमच्या वरच्या कागदावर पट्टी धरून, संपलेल्या बॉलपेनने दोनदा दाबून रेघ ओढा. खाली जुनं मासिक ठेवा, थेट फरशीवर ठेवलेल्या कागदात खाच पडत नाही. आता घडी कोणीकडे? खाच पडलेली बाजू कार्डाच्या बाहेर आणि मागे उमटलेला उंचवटा आत. बरेच जण नेमकं उलट करतात, कारण खाचेकडे दुमडणं नैसर्गिक वाटतं. मग घडी बारीक दिसण्याऐवजी सुरकुतते. शेवटी चमच्याच्या पाठीने घडी दाबा, पण वर साधा कागद ठेवून. नाहीतर गडद कागदावर चकाकता पट्टा उमटतो.

गडद रंगाचा कार्डशीट एवढं करूनही फुटतो, कारण त्याला रंग वरून दिलेला असतो आणि आतला गर पांढराच असतो. लग्नकार्याच्या कामाला आतपर्यंत रंगलेला कागद मागा. कोपरा फाडून बघितलं की लगेच कळतं.

कार्डाचं सोयीचं माप कोणतं?

ए४ कागद २१ × २९.७ सेंमीचा असतो. लांबीच्या मधोमध कापला की दोन ए५ तुकडे होतात (१४.८ × २१), आणि प्रत्येकाची मधून घडी घातली की १०.५ × १४.८ चं कार्ड. ए४ कागदाचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे ही घडी आपोआप बरोबर दिशेने पडते. दुकानातला ५६ × ७१ सेंमीचा मोठा कार्डशीट घेतला तर त्यातून असे ए५ तुकडे नऊ निघतात. मात्र ७१ च्या बाजूला २१ चे तीन भाग करा, ५६ च्या बाजूला १४.८ चे तीन. आडवं मांडलं तर आठच निघतात. कापण्यापूर्वी या शीटची दिशा मात्र वाकवून बघा.

या मापाचं पाकीट घरी कसं करायचं?

२१ सेंमीचा चौकोन घ्या. तो ए४ मधूनच निघतो, वरची ८.७ सेंमीची पट्टी तेवढी कापायची. चौकोन टोकावर उभा धरल्यासारखा ठेवा, पतंग असतो तसा. कार्ड मधोमध आडवं ठेवा आणि चारही बाजूंना २ मिलीमीटर मोकळे सोडून पेन्सिलने आयत आखा. ही मोकळीक विसरलात तर कार्ड आत जाईल, पण बाहेर काढताना पाकीट फाटेल.

आयताच्या चारही रेघांवर खाच पाडा. रेघांबाहेर उरलेले चार त्रिकोण म्हणजे पाकिटाचे कान, वरचा कान म्हणजे झाकण. आधी डावा-उजवा कान आत, मग खालचा, शेवटी झाकण. डावा-उजवा कान मधोमध जेमतेम भेटतात, खालचा त्यांच्यावर चढतो. खालचा कान आणि झाकण लांब होतात, म्हणून दोन्हींचं टोक दीड-दोन सेंमी गोलाकार कापा. कोपऱ्यात जिथे दोन घड्या भेटतात तिथे कागदाची बारीक त्रिकोणी चिंबळी होते, ती कात्रीने काढून टाका. पाकीट नीट बसत नसेल तर दहापैकी नऊ वेळा तीच अडलेली असते.

गोंद खालच्या कानाच्या फक्त कडेला, ५ मिलीमीटर रुंदीत लावा. पूर्ण कानावर लावला तर पाकीट आतून चिकटतं आणि कार्ड शिरतच नाही.

दुसऱ्या मापाच्या कार्डासाठी हिशोब सोपा आहे : कार्डाची लांबी अधिक रुंदी, भागिले १.४, त्यात ३ सेंमी मिळवा. चौकोनाची बाजू मिळाली.

दुकानातल्या पाकिटासारखं ओलं करून चिकटणारं झाकण जमेल का?

जमतं, आणि त्यासाठी बाभळीचा डिंक लागतो, जो आपल्याकडे बांधावर मिळतो. एक वाटी डिंकाचे खडे दोन वाट्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी जुन्या सुती फडक्यातून गाळा, साल आणि माती वर राहते. मधासारखा दाट असला पाहिजे. झाकणाच्या कडेला ब्रशने एक पातळ हात द्या, वाळू द्या, मग दुसरा हात. पाकिटं उघडी ठेवूनच वाळवा. नंतर ओल्या बोटाने पुसून बंद करायचं. एकच जाड हात दिला तर वाळल्यावर त्याच्या पापड्या निघतात आणि कागद वळतो. पावसाळ्यात ही पाकिटं एकमेकांवर रचू नका, सकाळपर्यंत गठ्ठ्याची वीट होते.

फेविकॉल, खळ की गोंदाची कांडी?

पतंगी कागद, फोटो आणि मुलांचं काम यांना कांडी, कारण तिच्यात पाणी कमी. पुठ्ठा, कापड, लाकूड यांना फेविकॉल. कागदावर कागदाचा मोठा थर द्यायचा असेल, वहीचं पुठ्ठा-कव्हर असेल, तर खळ सगळ्यांत बरी. ती सावकाश वाळते, म्हणून तिरका पडलेला कागद सरकवून सरळ करता येतो.

खळीसाठी एक भाग मैदा, पाच भाग पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत पाच-सात मिनिटं शिजवा. पांढरेपणा जाऊन अर्धपारदर्शक झाली की उतरवा. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली खळ दुसऱ्या दिवशी आंबते, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. जुने लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. तो विषारी आहे. मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत अजिबात घालू नका.

चिकटवल्यावर कार्ड वाकतं किंवा लाटा येतात.

कागद ओला झाला की फुगतो आणि वाळला की आकसतो. एकाच बाजूला ओला थर लावला की ती बाजू वाळताना कार्डाला आपल्याकडे ओढते. गोंद पातळ लावा, मधून कडेकडे पसरवा, आणि चिकटवल्यावर दोन साध्या कागदांमध्ये घालून जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. मोठ्या थराला मागून तेवढाच कागद चिकटवला की ओढ दोन्हीकडे सारखी होते.

मे महिन्यात वेगळीच गंमत होते. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आणि काम चाललेलं असतं कूलरसमोर. कूलरच्या दमट हवेत कागद फुगतो, तिथेच कापलेलं कार्ड दुसऱ्या खोलीत नेलं की आकसतं आणि पाकिटात सैल होतं. काम पंख्याखाली करा, तेही पंखा हळू. जोराच्या वाऱ्यात फेविकॉलवर साय धरते, वरून चिकटल्यासारखं वाटतं आणि संध्याकाळी सगळं सुटून येतं.

घरात जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग आहे. वापरता येतील?

येतील, तो फार चांगला कागद असतो. फक्त प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेल्या पत्रिका बाजूला काढा, त्यांना गोंद धरत नाही. नखाने कोपरा खरवडला की पापुद्रा कळतो. सोनेरी छपाईवरही गोंद टिकत नाही, तो भाग बाहेरच्या बाजूला ठेवा. गणपतीचं चित्र कापायला घरातली मोठी माणसं तयार होत नाहीत, म्हणून तो भाग आधी अखंड काढून नव्या कार्डावर लावा. वाद मिटतो आणि कार्डही देखणं होतं.

कागदच घरी करायचा असेल तर?

दौलताबादहून खुलताबादला जाताना वाटेत कागजीपुरा लागतं. हातकागदासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली, तेव्हा आलेल्या कारागिरांची ही वस्ती, असं परंपरेने सांगतात. तिथला कागद चिंध्यांचा, म्हणजे सुती कापडाच्या तुकड्यांचा. घरी आपण जुन्या वह्यांचा करू.

वहीची १०० ग्रॅम पानं घ्या, म्हणजे साधारण २० ए४ कागद. टाचण्या काढून त्यांचे दोन सेंमीचे तुकडे फाडा आणि दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. मूठभर लगदा आणि पाऊण भांडं पाणी असं करत मिक्सरमधून २० ते ३० सेकंद फिरवा. त्यासाठी जुनं भांडं ठेवा, चटणीचं नको. थोडा लगदा बाजूला राखून बाकीचा टबात आठ-दहा लिटर पाण्यात सोडा.

१५ × २१ सेंमीच्या दोन सारख्या लाकडी चौकटी लागतात. एकीवर मच्छरदाणीची नायलॉन जाळी ढोलकीच्या कातड्यासारखी ताणून ठोका, दुसरी तिच्यावर रिकामी धरा. टबातलं पाणी हाताने ढवळा, चौकट उभी आत घाला, पाण्याखाली आडवी करा आणि सरळ वर उचला. उचलल्या उचलल्या तीन-चार सेकंद पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवा आणि थांबा. पाणी निथळल्यावर हलवलं तर भोकं पडतात. वरची चौकट काढा, जाळी ओल्या सुती कापडावर उलटी टेकवा, मागून स्पंजने पाणी टिपा आणि एका कडेने उचला. कागद कापडावर राहतो. जुनं धुतलेलं धोतर यासाठी सगळ्यांत चांगलं. कापड कोरडं असेल तर मात्र कागद जाळीलाच चिकटून येतो.

असे दहा-बारा थर एकावर एक रचून वर पाट आणि वजन ठेवा, तासाभराने कापडासकट सावलीत शहाबादी फरशीवर पसरा. उन्हात टाकू नका. मार्च ते मेमध्ये दोन-तीन तासांत वाळतो खरा, पण पापडासारखा वळतो. पावसाळ्यात दोन दिवस लागतात आणि बुरशीचा वास येतो, म्हणून हे काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान काढा. १०० ग्रॅममधून चौदा-पंधरा कागद धरा. प्रत्येक दोन-तीन कागदांनंतर टबातला लगदा पातळ होतो, तेव्हा राखून ठेवलेल्यातला थोडा लगदा घाला.

वर्तमानपत्राचा लगदा करू नका. कागद करडा होतो आणि काही महिन्यांत पिवळा पडतो.

आपल्याकडे कापूस भरपूर आहे, मग तोच लगद्यात का नाही?

कच्च्या सरकीविरहित कापसावरही नैसर्गिक मेण असतं, तो पाण्यात भिजत नाही, वर तरंगतो. शिवाय त्याचे तंतू लांब असतात, ते मिक्सरच्या पात्यावर गुंडाळले जातात आणि मोटर जळते. चिंधीपासून कागद करणारे आधी ती बारीक कातरून मोठ्या यंत्रात तासन् तास कुटतात, म्हणून त्यांना जमतं. हौस असेल तर जुन्या मलमलीचे दोरे काढून ३ मिलीमीटरचे कातरा आणि वाटलेल्या लगद्यात चिमूटभर मिसळा. कागदाला तंतूंचं सुरेख रूप येतं, मिक्सरही वाचतो.

त्या कागदावर शाई फुटते.

फुटणारच, तो टीपकागदासारखा असतो. चहाचा एक चमचा कॉर्नफ्लॉर पाव लिटर पाण्यात शिजवून पातळ पेज करा, वाळलेल्या कागदाच्या दोन्ही बाजूंना ब्रशने लावा, पुन्हा वाळवा. मग गुळगुळीत दगडाने घोटा. जुने कागद असेच घोटलेले असत.

कोणती पानं-फुलं दाबून चांगली राहतात?

बोगनवेल पहिल्या क्रमांकावर, रंगही टिकतो. गुलमोहराच्या पाकळ्या, सदाफुली, कडुनिंबाची कोवळी डहाळी चालते. मोगरा काळपट पडतो, जास्वंद कागदाला चिकटून बसते. झेंडू अख्खा दाबू नका, त्याच्या बुडात पाणी असतं आणि तिथून बुरशी चढते. फक्त पाकळ्या घ्या. फुलं दुपारी तोडा, सकाळी दव असतं. वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून वजन ठेवा, पहिले तीन दिवस कागद रोज बदला. हिवाळ्यात आठ-दहा दिवस लागतात, उन्हाळ्यात चार-पाच.

दसऱ्याच्या कार्डावर आपट्याचं पान लावतात, पण बाजारात त्या नावाखाली पुष्कळदा कांचन विकला जातो. आपट्याचं पान लहान असतं आणि लांबीपेक्षा रुंद. एका कार्डाला एक पान पुरतं, फांद्या ओरबाडून आणू नका.

ठसे कशाचे करावेत?

भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल फुकट मिळतं, लहान मुलांना तेवढं पुरे. बटाट्यावर नक्षी कोरता येते, पण कापल्यावर त्याचा चेहरा दहा मिनिटं सुती फडक्यावर उलटा टेकवून ठेवा. नाहीतर त्याचं पाणी सुटतं आणि रंग पसरतो. पोस्टर कलर पाणी न घालता स्पंजच्या तुकड्यावर घ्या आणि ठसा त्यावर टेकवा, बुडवू नका. नक्षीसाठी पैठणीच्या काठावरचा मोर किंवा बिबी का मकबऱ्यातल्या जाळ्यांसारखे भौमितिक आकार घ्या. हिमरू कापडावरची बारीक नक्षी बटाट्यात कोरायचा हट्ट धरू नका.

कार्डावर एखादं चित्र उठावाचं करायचं आहे, फोमची टेप मिळत नाही.

ज्वारीच्या धांड्यातला पांढरा भेंड वापरा. पोरं त्याच्या गाड्या करतात तोच. पूर्ण वाळलेल्या धांड्याची साल मोठ्या माणसाने काढायची, तिची कड ब्लेडसारखी बोट कापते. भेंडाच्या ३ मिलीमीटरच्या चकत्या करून चित्रामागे फेविकॉलने लावा. ओलसर धांडा घेतला तर आठवड्यात कीड लागते. येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या आवतणाला तर याहून शोभणारं काही नाही.

हळदीचा रंग चालेल?

चालेल, पण उजेडात उडतो. चार महिने भिंतीवर लागणार असेल तर नको. हळदीत चुन्याची निवळी टाकली की लाल होते, मुलांना ते बघायला आवडतं.

अक्षर चांगलं नाही, मजकूर कसा लिहू?

पेन्सिलने दोन फिकट रेघा आखा, एक शिरोरेघेसाठी, एक अक्षराच्या पायासाठी. देवनागरीला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार असतात. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या उंचीएवढं तरी ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. आधी अक्षरं लिहा, शिरोरेघ शेवटी, म्हणजे शब्द मधोमध बसतो. आणि शुद्धलेखन आधी कच्च्या कागदावर बघून घ्या. ‘शुभेच्छा’चं ‘शुभेच्या’ आणि ‘आशीर्वाद’चं ‘आर्शिवाद’ हे दोन घोटाळे सोनेरी शाईत केले की खोडताही येत नाहीत.

साधी वही शिवायची कशी?

८ ए४ कागद एकत्र घडी घाला, ३२ पानांची ए५ वही होते. बाहेर २०० जीएसएमचं कव्हर. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, एक मधोमध, दोन टोकांपासून ३ सेंमीवर. ५० सेंमी जाड दोरा मेणबत्तीवर ओढून घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून खालच्यातून बाहेर, मधल्यातून पुन्हा आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत, मग गाठ मारा. एकाच बाजूला आली तर टाका सैल राहतो.

ए४ ची घडी तंतूंना आडवी पडते, म्हणून वही जराशी फुगते. रात्रभर वजनाखाली ठेवा. आतली पानं कडेला एखादा मिलीमीटर पुढे येतात, ती शिवून झाल्यावरच कापायची.

आठ-दहा जण बसले की गोंधळ होतो. कामं कशी वाटावीत?

प्रत्येकाने आपलं कार्ड पहिल्यापासून करायचं ठरवलं की एका कात्रीवर भांडणं होतात. कापणं आणि खाच पाडणं एका माणसाकडे द्या, घड्या आजीकडे, ठसे मुलांकडे, पाकिटं दोघींकडे. कटर बारा वर्षांखालच्या हातात नको. चहा-फराळ वेगळ्या सतरंजीवर. शेवटची सजावट आणि मजकूर मात्र ज्याचं त्याला करू द्या, नाहीतर सगळी कार्डं छापल्यासारखी दिसतात.

टपालाने पाठवताना काय बघावं?

वजन. पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमपर्यंतचा असतो. २५० जीएसएमचं ए५ घडीचं कार्ड सुमारे ८ ग्रॅम आणि घरचं पाकीट ४ ग्रॅम, म्हणजे आरामात बसतं. अख्ख्या ए४ ची घडी घातलीत तर कार्डच १५-१६ ग्रॅमचं होतं आणि पाकिटासकट टप्पा ओलांडतो. मणी, भेंडाचा उठाव, लाखेची मोहर असेल तर हातोहात द्या, शिक्का मारताना ते चिरडतं. पिन सहाही आकडी लिहा. संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेडचे बहुतेक पिन ४३१ ने सुरू होतात, लातूर आणि धाराशिवचे ४१३ ने. सवयीने सगळीकडे ४३१ लिहिलं जातं.

उरलेल्या लगद्याचं काय करायचं?

मोरीत ओतू नका, नळी तुंबते. जुन्या फडक्यातून पिळून गोळे करा आणि उन्हात कडक वाळवा. पुढच्या वेळी रात्रभर भिजवले की पुन्हा वापरता येतात. ओले गोळे डब्यात बंद केले तर तिसऱ्या दिवशी घरभर वास सुटतो.